विचारा की! – तिसऱ्या, कांदळ आणि काळीचा चिखल

मागच्या अंकात कॅम्पातल्या मासळी बाजारावर चार ओळी काय लिहिल्या, संपादकांच्या टेबलावर पत्रांचा ढीग पडला. बेळगावात समुद्र नाही, पण समुद्राची चौकशी करणारे घरोघरी आहेत. त्यातली पाच पत्रं घेतो. मी मूळचा सदाशिवगडच्या बाजूचा, काळी नदीच्या काठचा. घाट चढून इकडे आलो आणि एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता निवृत्त झालो. त्यामुळे गावाकडून आलेल्या पत्राला जरा जास्त जागा गेली आहे. इतरांनी रागावू नये.

प्रश्न : कारवारच्या तिसऱ्या आणते, रात्रभर पाण्यात घालून ठेवते. तरी खाताना वाळू कचकचते, आणि सकाळी निम्म्या आ वासून पडलेल्या असतात. माझं काय चुकतं?
– एक गृहिणी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : ताई, नळाचं पाणी चुकतं. तिसरी म्हणजे शिंपलीच, खाडीच्या मचूळ-खाऱ्या पाण्यात वाढलेली. गोड्या पाण्यात टाकली की ती शिंपला घट्ट मिटून घेते आणि आत वाळू धरून बसते. रात्रभर तशी ठेवली तर गुदमरते. लिटरभर पाण्याला दीड-दोन मोठे चमचे जाड मीठ घाला. पसरट परातीत चाळणी उलटी ठेवून तिच्यावर तिसऱ्या मांडा, म्हणजे टाकलेली वाळू खाली बसते आणि त्या ती पुन्हा ओढत नाहीत. पाणी त्या जेमतेम बुडतील एवढंच. वर फडकं टाकून अंधार करा, तीन-चार तास पुरे. मध्ये एकदा पाणी बदला. तासाभरानं हळूच फडकं उचललंत तर दोन बारीक नळ्या बाहेर काढून त्या पाणी खेळवत असलेल्या दिसतील. एका नळीनं पाणी आत, दुसरीनं बाहेर. खाणं आणि श्वास दोन्ही त्यातच.

दुसऱ्या दिवशी करायच्या असतील तर पाण्यात ठेवूच नका. ओल्या फडक्यात गुंडाळून गार जागी ठेवा. उघडी दिसणारी तिसरी बोटानं टिचकवा, मिटली तर जिवंत. न मिटणारी फेका. आणि मिटलेली असून हाताला जड लागणारी जरा बाजूला काढा, पुष्कळदा ती मेलेली, काळ्या चिखलानं भरलेली असते. तसली एक फुटली की एका शिंपल्यासकट शिजवलेलं सगळं एकशिपी गेलं म्हणून समजा.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या पोरांनी ठरवलं आहे की ५ जूनला नदीच्या तोंडाजवळ, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात हजारभर कांदळाची (खारफुटीची) रोपं लावायची. जागा नुसतीच पडून आहे. पण तिसऱ्या काढणाऱ्या बायका भांडायला उठल्या आहेत. पर्यावरणाचं काम असून विरोध का? शिवाय त्याच म्हणतात की हल्ली तिसऱ्या बारीक मिळतात. मग झाडं झाली तर त्यांचाच फायदा नाही का?
– एक कार्यकर्ता, सदाशिवगडजवळ, ता. कारवार

उत्तर : बाबा, तुझं पत्र वाचून मला माझीच तीस वर्षांपूर्वीची आठवण झाली. तेव्हा मी नवा मास्तर, अंगात उत्साह. बेळगावहून पोरांची एक बस घेऊन थेट आमच्याच गावच्या चिखलात उतरलो. कांदळाच्या लांब हिरव्या शेंगा गोळा केलेल्या होत्या. दोरी धरून, ओळी आखून, वीत-वीत खोल खुपसल्या. माझी सख्खी मावशी गुडघाभर चिखलात तिसऱ्या चाचपत होती. तिनं मान वर करून विचारलं, "हांगा कित्याक पुरतास रे? सकयल तिसऱ्यो आसात." म्हणजे, इथे कशाला पुरतोस, खाली तिसऱ्या आहेत. मी हसलो. मावशी, झाडं वाढली की मासळी वाढेल, असं काहीतरी पुस्तकी बोललो.

पुढच्या दिवाळीत गेलो तर पाचशेतली अकरा रोपं उभी. बाकीच्यांच्या खोडांवर खडपावर असतात तसली पांढरी, धारदार कवचं चढली होती आणि त्या ओझ्यानं ती चिखलात लोळत होती. मेलेल्या शेंगांचे खुंट बायकांच्या पायांना बोचत होते. मावशी त्यानंतर बरीच वर्षं जगली. पण त्या विषयावर मला एक अक्षर बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

काय चुकलं होतं? उंची. कांदळ पाण्यात वाढतं हे अर्धंच खरं. आपली कांदळवनं नीट बघ. ती भरतीच्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला असतात, जिथे उधाणाला पाणी चढतं आणि मग पुष्कळ वेळ जमीन उघडी राहते. फ्लोरिडात रॉबिन लुइस नावाच्या माणसानं आयुष्यभर बुडालेली, मेलेली कांदळवनं पुन्हा उभी केली. त्याचं मोजमाप असं की नैसर्गिक कांदळवन एकूण वेळेच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी काळ पाण्याखाली असतं. तुम्ही निवडलेला पट्टा ओहोटीलाच काय तो दिसतो, म्हणजे बहुतेक वेळ बुडलेला. तिवराची चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं आणि कांदळाची कमानीसारखी मुळं ही सगळी हवा घ्यायची सोय आहे. लहान रोपाकडे ती कुठली? ते बुडून मरतं.

हे फक्त माझंच झालं असं नाही. फिलिपाइन्समध्ये हीच चूक देशभर झाली. प्रिमावेरा आणि एस्तेबान या अभ्यासकांनी २००८ साली तिथल्या लागवडींचा आढावा घेतला तेव्हा दीर्घकाळ टिकणारी रोपं जेमतेम १० ते २० टक्के निघाली. कारणही ओळखीचंच. कांदळाची खरी जागा वरच्या अंगाला. तिथे आता कोळंबीची तळी झालेली, शेतं, रस्ते, कुणाचे तरी हक्क. खालचा चिखल कुणाच्या उताऱ्यावर नाही, तिथे भांडायला कोण येणार? म्हणून रोपं तिकडे. तुमच्याकडे मात्र भांडायला बायका आल्या. त्यांचा हक्क उताऱ्यावर नाही, हातावर आहे, एवढाच फरक.

आता 'नुसतीच पडलेली जागा' या शब्दांकडे येतो. तिसऱ्या दोन-चार बोटं खाली बसून नळ्यांनी पाणी गाळतात. त्यांच्या शेजारी गळाला लावायचे लांब किडे, बारीक गोगलगायी, वाळूत लपणारी लेपी. जरा वर गेलं की एक नांगी मोठी असलेले लाल-पांढरे खेकडे, ओहोटी लागली रे लागली की नाचवायला सुरुवात. निवट्या चिखलावर उड्या मारतात. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले चिखल्या आणि तुतवार चोच खुपसत फिरतात ते याच किड्या-शिंपल्यांसाठी, आणि त्यांना मोकळंच मैदान लागतं, झाडांत ते उतरत नाहीत. लागवड चुकून जगली तर मुळांशी मऊ गाळ साचत जातो, वाळूमिश्रित चिखल बदलतो आणि तिसऱ्यांना तो मानवत नाही. माझी जी अकरा रोपं तगली ना, त्यांच्या भोवती मावशीला पुन्हा काही मिळालं नाही.

याचा अर्थ मी कांदळाच्या विरोधात आहे असा काढू नकोस. कांदळाच्या पानांचा कुजका चुरा ओहोटीबरोबर खाली येतो, कोळंबीची, तामोशीची, काळुंदराची पिल्लं त्या मुळांत वाढतात. आणि झाडांनाही चिखलातल्यांची गरज असते. कांदळवनाचा काळा चिखल उकरला की सडक्या अंड्याचा वास येतो, कारण आत हवा नसते आणि हवेविना जगणारे जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या गंधकाच्या क्षारांवर काम चालवतात. त्यातून होणारा वायू मुळांना बाधतो. खेकडे बिळं पाडतात, त्यातून भरतीचं पाणी खेळतं, चिखलाला हवा लागते. ऑस्ट्रेलियात १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी कांदळवनाच्या तुकड्यांतून खेकडे काढून घेतले. चिखलातलं गंधक वाढलं आणि झाडांची वाढ मंदावली. शेतात बैल नसले तर काय होतं, तेच. खेकडा नांगरतो, झाड त्याला पान देतं. कोण कुणावर जगतंय हे ठरवायला मला अजून जमलेलं नाही.

तर ५ जूनपर्यंत काय करायचं ते सांगतो. लाकडाची फूटभर लांब, फूटभर रुंद चौकट करा. उधाणाच्या दिवसांत, पूर्ण ओहोटीला, तीन ठिकाणी जा : अगदी पाण्याजवळ, मधोमध आणि जुन्या कांदळाच्या कडेला. प्रत्येक ठिकाणी निदान पाच वेळा चौकट टाकायची, आतला चिखल वीतभर खोल काढायचा आणि पिठाच्या चाळणीवर खाडीच्याच पाण्यानं धुवायचा. वर उरेल ते मोजायचं : तिसऱ्या किती, नखाएवढ्या किती, किडे किती, खेकडे किती. वहीत तारीख, तिथी, जागा. मोजून झालं की सगळं परत चिखलात. एक बाई बरोबर घ्या, तिसरी कुठली आणि खुबा कुठला हे ती न धुताच सांगेल. हीच मोजणी वर्षभरानं पुन्हा करा, आणि जिथे काहीच करणार नाही अशा शेजारच्या एका जागीही करा. नाहीतर पावसानं झालेला बदल तुम्ही आपल्या नावावर घ्याल.

मग रोपं कुठे? जुन्या कांदळाच्या कडेला आपोआप रुजलेली रोपं दिसतात तिथे, त्याच उंचीला, तीही गरज असली तर. पुष्कळदा रोपं लावावी लागतच नाहीत. भराव पडून किंवा प्लास्टिक अडकून एखादा नाला तुंबलेला असतो, तो मोकळा केला की भरतीचं पाणी शेंगा स्वतः आणून टाकतं. नवी रोपं गुरं-शेरडं खातात तिथे दोन पावसाळे कुंपण पुरतं. फोटो मात्र तेवढा चांगला येत नाही. हजार रोपांपुढे उभं राहून काढलेला फोटो आणि नाल्यातून चिखल उपसतानाचा फोटो यांत पाहुणे कुठला निवडतील, हे मला ठाऊक आहे.

बारीक तिसऱ्यांचं वेगळं. त्याला झाड लावणं हा उपाय नाही, थांबणं हा उपाय आहे. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी खाडीत तिसऱ्यांचा मोठा धंदा चालतो. तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद, जाळ्याचं भोक ३० मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही, आणि किलोभर सोललेल्या मांसात १४०० पेक्षा जास्त नग बसले तर ते परदेशी पाठवायला लहान धरतात. यंत्रानं काढायची नाही. २०१४ साली त्या धंद्याला मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिलचं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. पण ते महिने जसेच्या तसे उचलून काळीला लावू नका. आपल्याकडच्या तिसऱ्या कधी भरतात, कधी पातळ होतात हे काढणाऱ्या बायका सांगतील. आधी त्यांची बैठक घ्या, मग मंडळाची.

प्रश्न : आमच्या गजनी (खाडीकाठच्या खाऱ्या) जमिनीचा बांध काही वर्षांपूर्वी फुटला. आता आत कांडला (कांदळ) माजला आहे. उतारा आमच्या नावावर आहे, तेव्हा तोडून पुन्हा भात करावं म्हणतो. चालेल का?
– एक शेतकरी, कडवाड परिसर, ता. कारवार

उत्तर : तोडू नका, आधी चौकशी करा. कांदळवन किनारपट्टी नियमांत सर्वांत कडक अशा एक-अ वर्गात येतं आणि जमीन तुमच्या नावावर असली म्हणून कुऱ्हाड चालवायची मोकळीक मिळत नाही. तालुक्याला जाऊन तुमची जागा किनारपट्टीच्या नकाशात कशी दाखवली आहे ते लेखी घ्या. तोंडी सांगितलेलं उद्या कुणी ओळखत नाही. मूठभर जागेचं एवढं काय म्हणाल, तर भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात अख्ख्या कर्नाटकात कांदळवन १३ चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्रात ३२४. इथे मूठभरच आहे, म्हणून मूठभराला किंमत.

आणखी एक. चोरून बांध घालून पाणी तोडायचा विचार मनात असेल तर तोही सोडा. पाणी अडलं की कांदळ उभ्या उभ्या वाळतं, आतले खेकडे-शिंपल्या सडतात आणि त्या वासात तुम्हालाच राहावं लागतं. बांधाबाहेरचा कांदळाचा पट्टा तर अजिबात हलवू नका. लाटांचा मार तोच खातो, नाहीतर दर पावसाळ्यात बांधाला माती घालत बसाल.

ज्या भागात कांदळ आलेलं नाही तिथे जुनी पद्धत अजून चालते. कुमठ्याकडे अघनाशिनीच्या काठी गजनीत कग्गा नावाचं खारं पाणी सोसणारं भात करतात. कापणीला नुसत्या लोंब्या घेतात, पेंढा पाण्यात तसाच राहतो, कुजतो आणि त्यावर पुढे कोळंबी-मासे पोसतात. भात आणि मासळी एकाच जमिनीतून. तुमच्या आजोबांनी बहुधा हेच केलं असेल, घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर विचारून बघा.

प्रश्न : आम्ही कणकुंबीच्या बाजूचे. समुद्र आमच्यापासून घाटाखाली. तिथल्या चिखलातल्या शिंपल्यांशी आमचं काय देणं-घेणं?
– एक विद्यार्थी, ता. खानापूर

उत्तर : तुझ्या गावाला विचारायलाच नको इतकं देणं-घेणं आहे. तुमच्याच तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेला मिळते. देगावला म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला गोव्यात मांडवी होते. एकाच तालुक्यातला पाऊस दोन समुद्रांना जातो. म्हादईचं ते पाणी शेवटी पणजीसमोरच्या चोडण बेटाला वळसा घालतं, तिथे सलीम अलींच्या नावाचं कांदळवनाचं पक्षी अभयारण्य आहे. जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, पण निवट्या आणि खेकडे बघायला तुला तिथेच पाठवीन.

खाडीतल्या जिवांचा सगळा संसार गोड्या-खाऱ्याच्या मापावर चालतो. तोंडाजवळ खारं लागणारे, मध्यावर मचूळ लागणारे, आणखी आत जवळजवळ गोड्यात राहणारी काळी शिंपली. वरून पाणी किती आणि कधी येतं, यावर कोण कुठे राहील हे ठरतं. काळीचंच बघ. जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ निघून १८४ किलोमीटर वाहते, पण वाटेत सूपा, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणं. वीज करायची म्हणून उन्हाळ्यातही पाणी सुटत राहतं. पूर्वी एप्रिल-मेमध्ये समुद्राचं खारं जितकं आत शिरायचं तितकं आता शिरत नाही. शेजारच्या शरावतीला गेरसोप्प्याचं खालचं धरण झाल्यावर वर्षभर गोडं पाणी येऊ लागलं आणि होन्नावरच्या खाडीतला शिंपल्यांचा धंदा बसला. या दोघींच्या मधोमध अघनाशिनी, तिच्यावर मोठं धरण नाही, आणि तिसऱ्यांनी भरलेली खाडी तिचीच. २०२४ साली तिच्या मुखाचा ४८०१ हेक्टरचा भाग रामसर यादीत गेला.

म्हादईचं पाणी मलप्रभेकडे वळवायच्या कळसा-भांडुऱ्याच्या वादात मी इथे पडत नाही, त्यावर आपल्या जिल्ह्यात बोलणारे कमी नाहीत. तू नदीकाठचा पोरगा आहेस तर एवढंच बघ : तुमच्या ओढ्यांतून वाळू उपसली जाते तेव्हा पाणी कसं होतं, आणि जंगल उघडं झालेल्या उतारावरून पहिल्या पावसात किती लाल माती येते. तीच माती जुलैत खाली जाऊन नखाएवढ्या तिसऱ्यांवर बसते. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात बाटलीत ओढ्याचं पाणी भर, रात्रभर ठेव, तळाशी किती बोटं गाळ बसतो ते मोज. पुढच्या वर्षी पुन्हा. मला आकडे कळव.

प्रश्न : निपाणीच्या बाजारात कधीतरी खाडीचे काळे खेकडे येतात. आम्हाला शेतातल्या खेकड्यांची सवय. यातली मादी कशी ओळखायची, आणि पोटाला अंडी असलेली घ्यावी का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : खेकडा उलटा करा. पोटावरची पट्टी अरुंद, टोकदार असेल तर नर. रुंद, अर्धगोल झाकणासारखी असेल तर मादी. पाठीच्या कवचाखाली आत जी केशरी लाख असते ती वेगळी, त्यावर लोक जास्त पैसे मोजतात. पण झाकणाखाली बाहेरच अंड्यांचा घोस लटकत असेल तर ती मादी अंडी सोडायला खाडीतून समुद्राकडे निघालेली होती आणि वाटेत सापडली. तिला चवही धड नसते, सगळा जीव अंड्यांत गेलेला. विकणाऱ्याला "ही नको" एवढं म्हणा, दोन-चार गिऱ्हाइकांनी म्हटलं की तो खालच्या माणसाला सांगतो. आणि नांग्यांची दोरी घरी पोचेपर्यंत सोडू नका. मी एकदा बेळगावच्या बसमध्ये सोडली होती, त्याची हकीकत पुन्हा कधीतरी.